प्रिय माणसाचा वियोग आणि आपण

(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो 'प्रिय माणसाचा वियोग'. मी काही विद्वान वक्ता नाही. गिरणीच्या साळखात्यात साच्यावर उभे राहून पोट भरलेला माणूस आहे. शाळा थोडी झाली, बाकीचे शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झाले. पण विषय हातात आला तेव्हा वाटले, हा तर आपल्या वस्तीतल्या घराघरातला विषय आहे आणि त्यावरच आपण सगळ्यात कमी बोलतो. आपण आरक्षणावर बोलतो, अन्याय-अत्याचारावर बोलतो, ते बोललेच पाहिजे. पण ज्या माणसावर जीव लावला ते माणूस आयुष्यातून गेले, मरणाने गेले किंवा जिवंतपणी सोडून गेले, तर मागे राहिलेल्याने उद्या सकाळी उठून काय करायचे? यावर आपल्या सभांमध्ये कोणी बोलत नाही.

माणूस मरणाने गेले तर निदान आपल्याकडे रीत आहे. शेजारीपाजारी धावून येतात, भन्तेजी येतात, जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते. फोटोला हार घालतात, चार लोक चांगले बोलतात. घरच्यांना कळते की आता हे झाले, आता पुढे चालायचे. पण नवरा-बायकोचे नाते तुटले, किंवा तरुण मुला-मुलीचे ठरलेले फिसकटले, तर? तिथे कोणी येत नाही. उलट दार लावून घेतात. मुलगी माहेरी आली तर "चार दिवस राहायला आलीय" असे सांगतात, आणि ते चार दिवस चार वर्षे होतात. मेलेल्या माणसाला जलदान विधी आहे, तुटलेल्या नात्याला काय आहे? माझा आजचा सगळा प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाकडे बघायला मला धम्माच्या साहित्यात एक गोष्ट सापडली. आपल्या प्रवचनांमध्ये ती फारशी सांगितली जात नाही. किसा गोतमीची मोहरीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ही दुसरी, मुंड राजाची. अंगुत्तर निकायात पाच-पाच गोष्टींचा जो भाग आहे, त्यात ती येते.

पाटलीपुत्रात मुंड नावाचा राजा होता. त्याची राणी भद्दा, त्याची फार लाडकी. ती वारली. राजाने अंघोळ सोडली, जेवण सोडले, दरबाराचे काम सोडले. रात्रंदिवस तिच्या देहाला धरून बसला. मग त्याने आपल्या खजिनदाराला, पियकाला, हुकूम दिला: राणीचा देह तेलाने भरलेल्या लोखंडी पात्रात ठेवा आणि वरून दुसरे लोखंडी पात्र झाका, म्हणजे मला ती जास्त दिवस बघायला मिळेल.

बंधूंनो, हसू नका. आपण सगळेच काही ना काही तेलात घालून ठेवतो. कोणी जुनी पत्रे ठेवतो. कोणी मोबाईलमधले मेसेज रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा वाचतो. कोणी सोडून गेलेल्या नवऱ्याचे शर्ट दर दिवाळीला धुऊन परत कपाटात लावते. आठवण ठेवणे वेगळे आणि गेलेली गोष्ट गेली नाही असे धरून बसणे वेगळे.

पियक शहाणा होता. त्याने राजाला धमकावले नाही, चेष्टा केली नाही. त्याने विचार केला की राजाला बोलायला योग्य माणूस पाहिजे. कुक्कुटाराम विहारात नारद नावाचे भिक्खू होते. त्यांच्याकडे तो राजाला घेऊन गेला. नारदांनी राजाला सांगितले की पाच गोष्टी जगात कोणालाच मिळत नाहीत. म्हातारे होणारे म्हातारे होऊ नये, आजारी पडणारे आजारी पडू नये, मरणारे मरू नये, झिजणारे झिजू नये, नाश पावणारे नाश पावू नये. हे काही तुझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही. तू असा बसून राहिलास तर अन्न गोड लागणार नाही, शरीर खंगेल, कामे अडतील, वैऱ्यांना आनंद होईल आणि मित्रांना दुःख. आणि त्यांनी एक फार व्यवहाराची गोष्ट सांगितली. बोलून, विचाराने, देऊन-घेऊन ती गोष्ट मिळण्यासारखी असेल तर जरूर प्रयत्न कर. पण मिळण्यासारखी नाही असे कळले, तर ते कबूल कर आणि हातातले काम धर.

राजाने विचारले, या उपदेशाचे नाव काय? नारद म्हणाले, याचे नाव 'सोकसल्लहरण', म्हणजे शोकाचा बाण उपसून काढणे. मग राजाने पियकाला सांगितले, राणीच्या देहाला आता अग्नी द्या आणि तिच्या नावाने स्तूप बांधा. आजपासून मी अंघोळ करीन, जेवीन आणि माझे काम बघीन.

इथे नीट लक्ष द्या. नारदांनी राजाला "भद्दाला विसर" असे सांगितले नाही. आणि राजाही तिला विसरला नाही. तेलाचे पात्र गेले, त्या जागी स्तूप आला. माझ्या मते वियोगातून बाहेर पडण्याचा रस्ता हाच आहे. शेवट झाला हे कबूल करायचे, आणि उरलेले प्रेम उघड्यावर, सगळ्यांच्या उपयोगाला येईल असे उभे करायचे.

आता जे जिवंतपणी तुटते त्याकडे येतो. नारदांचा पहिला सल्ला तिथे लागू आहे. जुळण्यासारखे असेल तर आधी प्रयत्न करावा. कायदासुद्धा हेच म्हणतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. १९७६ साली त्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद आली. त्यात निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा कोर्टापुढे सांगायचे असते की आमचे ठरलेले कायम आहे. जुळण्याची काहीच आशा उरली नसेल तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितले. म्हणजे प्रयत्नाला मुदत आहे, आणि मुदत संपल्यावर मोकळे होण्याचा हक्कही आहे. मात्र जिथे मारहाण आहे, तिथे "जरा सांभाळून घे" म्हणून मुलीला परत पाठवू नका. त्याला प्रयत्न म्हणत नाहीत.

आणि आपल्यात काही जण स्टँपपेपरवर फारकत लिहून मोकळे होतात. त्याने सहसा नाते कायद्याने सुटत नाही. पुढे पोटगीला अडचण, दुसऱ्या लग्नाला अडचण, मुलांच्या कागदपत्रांना अडचण. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. कल्याण कोर्टात जाऊन विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. शेवट व्हायचाच असेल तर तो नीट, कागदावर, दोघांच्या मानाने होऊ द्या. अर्धवट शेवट माणसाला जास्त कुरतडतो.

गिरणी कामगाराला हे सांगावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप शेवटपर्यंत कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण वर्षानुवर्षे गेटकडे डोळे लावून बसले, आज भोंगा वाजेल, उद्या बोलावतील. "गिरणी संपली" हे त्यांना तोंडावर येऊन कोणी सांगितले नाही. पगार गेला त्याचे दुःख होतेच, पण वाट बघण्याने माणसे आतून जास्त झिजली.

तसेच आमच्या ओळखीतल्या एका ताईंचे. नवरा सांगता-सवरता निघून गेला, दुसरीकडे राहू लागला. भांडण नाही, कारण नाही. ताई म्हणायच्या, "दादा, तो परत नाही आला तरी चालेल. पण का गेला एवढं एकदा तोंडावर सांगू दे. मग मी मोकळी होईन." सहा वर्षे त्या एका उत्तराची वाट बघत बसल्या. मी त्यांना मज्झिम निकायातला बाणाचा दृष्टांत सांगितला. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. हे कळेपर्यंत तो जिवंत राहणार नाही. बुद्धांनी तो दृष्टांत वेगळ्या प्रश्नावर दिला होता, पण इथेही तो बसतो. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काढायचा मीच." मी म्हटले, "काढायचा तुम्हीच, पण धरायला आम्ही आहोत." पुढे महिला मंडळाच्या दोघीजणी त्यांच्याबरोबर कोर्टात जात होत्या. शेवटच्या तारखेला त्या ताई मंडळाला म्हणाल्या, "कारण नाही मिळालं, पण आता विचारावंसंही वाटत नाही."

म्हणून जे सोडून जातात त्यांनाही आज दोन शब्द सांगतो. या सभेत तरुण मुले आहेत. प्रेम करा, त्याला माझा विरोध नाही. जात-पात मोडून केले तर मी स्वतः अक्षदा टाकायला येईन. पण नाते संपवायची वेळ आली तर समोर बसून सांगा. फोन बंद करून, नंबर बदलून पळून जाऊ नका.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाचे गृहत्याग प्रकरण कसे लिहिले आहे ते वाचा. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. जुन्या कथेत सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या यशोधरेला आणि राहुलाला टाकून निघून जातो. बाबासाहेबांनी ती कथा मान्य केली नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि संघाच्या निर्णयापुढे परिव्रज्या पत्करतो. मग घरी येऊन आई-वडिलांशी बोलतो आणि यशोधरेकडे जातो. तिला सगळे सांगतो, तिचे मत विचारतो. ती त्याचा निर्णय बरोबर ठरवते. राहुलचा सांभाळ करायचा नसता तर मीही तुमच्याबरोबर निघाले असते, असे सांगते. आणि पुढे बुद्ध होऊन ते कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरा त्यांना भेटायला बाहेर आली नाही. बुद्ध स्वतः तिच्याकडे गेले. बाबासाहेबांनी आपल्याला इथे निरोपाची रीतच घालून दिली आहे. सांगून जायचे, उजेडात जायचे, आणि मागे राहिलेल्या माणसाचा मान ठेवायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण दिले तिच्याकडे येतो. ती रमाई आणि बाबासाहेबांची.

रमाईंचा जन्म दापोलीजवळच्या वणंदचा, १८९८ सालचा. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, लग्न लागले. त्या आठ-नऊ वर्षांच्या. पुढे परळच्या बी. आय. टी. चाळीत संसार झाला, म्हणजे आमच्या गिरणगावातच. बाबासाहेब १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशात शिकत होते. इकडे माऊली अर्धपोटी दिवस काढत होती. पाच मुलांपैकी चार गेली. एकटे यशवंतराव वाचले. १९२६ साली धाकटा राजरत्न गेला तेव्हा तर दोघेही पार खचले होते. ज्यांनी इतके मिळून सोसले त्यांचे नाते किती घट्ट असेल, त्याचा आपणच अंदाज करावा. बाबासाहेब त्यांना 'रामू' म्हणत.

पुढे दादरला राजगृह उभे राहिले. सुखाचे दोन घास खायचे दिवस आले, आणि २७ मे १९३५ ला राजगृहात रमाई गेल्या. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे की बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि आठवडाभर ते लहान मुलासारखे रडत होते. ज्या माणसाने महाडला सत्याग्रह केला, गोलमेज परिषदेत साम्राज्यापुढे ताठ उभे राहून आपली बाजू मांडली, तो माणूस रडला. तरुणांनो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे पुरुषाने रडायचे नाही असे म्हणतात, आणि तोच पुरुष मग गुत्त्यावर जातो. बाबासाहेब दारूकडे गेले नाहीत. ते रडले, आणि मग उठले.

उठून काय केले? त्याच जून महिन्यात त्यांनी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पाच महिने पुरे व्हायच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याला त्यांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

या घोषणेचा आणि रमाईंचा एक धागा आहे. रमाईंना पंढरपूरला जायची फार इच्छा होती. तिथे अस्पृश्यांना देवळात जायला बंदी होती. जिथे तुला दारातून मागे फिरवतील तिथे कशाला जायचे, आपण दुसरी पंढरी उभी करू, अशा अर्थाचे बाबासाहेब त्यांना म्हणाले, असे चरित्रात आहे. ती इच्छा अपुरीच राहिली. पंढरपूरचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली खुले झाले, तेव्हा रमाई जाऊन बारा वर्षे झाली होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले. आज तिथे जाणारी माणसे बघितली की मला त्या माऊलीची अपुरी इच्छा आठवते. प्रत्येक नात्यात काही तरी अपुरे राहतेच. एखादा शब्द द्यायचा राहतो, एखादी माफी मागायची राहते. ते माणूस परत येऊन ते पुरे करून घेणार नसते. पण त्याच्या नावाने दुसऱ्या कोणाचे तरी पुरे करता येते.

रमाईंच्या मागे साडेपाच वर्षांनी बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची प्रस्तावना डिसेंबर १९४० ची आहे. विषय राजकारणाचा, फाळणीचा, आकडेवारीचा. आणि तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला 'रामू'ला. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल, शीलाबद्दल, आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या त्या दिवसांत बरोबरीने सोसल्याबद्दल. हा बाबासाहेबांनी बांधलेला स्तूप आहे. मुंड राजाने विटांचा बांधला, बाबासाहेबांनी अक्षरांचा बांधला. साडेपाच वर्षे लागली, हेही बघा. कोणाला सहा महिन्यांत सावरता आले नाही तर "अजून किती दिवस रडणार?" असे विचारू नका.

आणि पुढची गोष्ट. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले. त्या पुढे माईसाहेब झाल्या. रमाईंचा मान त्याने कमी झाला का? आजही आपल्या घराघरात रमाईंची तसबीर आहे. मग आपल्या वस्तीतल्या एखाद्या तरुण विधवेने किंवा घटस्फोटित मुलीने दुसरे घर मांडले तर आपल्या कपाळाला आठी का पडते? विधुराला आपण वर्षाच्या आत स्थळे सुचवतो, आणि विधवेला हळदीच्या कार्यक्रमात मागे बसवतो. दीक्षा घेऊन इतकी वर्षे झाली तरी काही घरांत अजून बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि सरकारने त्याच महिन्यात सगळ्या राज्याला तो कित्ता घालून दिला. एक गाव करू शकते, मग विहार समितीने असा ठराव करायला काय हरकत आहे? अध्यक्षसाहेब, ही माझी पहिली सूचना समजा.

दुसरी सूचना. घरात नाते तुटले की त्या घरी जायचे. मरणाच्या घरी जातो तसेच जायचे. चौकशा करायला नव्हे, चूक कोणाची ते ठरवायला नव्हे. डबा घेऊन जायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, कोर्टाच्या तारखेला सोबत जायचे. आम्ही साळखात्यात काम केलेली माणसे आहोत. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, टोके शोधायची, गाठ मारायची, जादाचे टोक कापायचे आणि मग साचा सुरू करायचा. तुटलेला धागा तसाच सोडला तर तो शेजारच्या धाग्यांत अडकतो आणि तेही तोडतो. एका घराचे दुःख एकटे सोडले तर तसेच होते. मूल शाळा सोडते, आई अंथरूण धरते, भाऊ दारूला लागतो.

तिसरी सूचना तरुणांसाठी. प्रेम फिसकटले म्हणून रेल्वेचे रूळ गाठणाऱ्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. वाचून "एवढ्याशा गोष्टीसाठी" असे म्हणू नका. त्याच्यासाठी ती एवढीशी नसते. मन फारच जड झाले तर सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. आणि नारदांसारखे शांतपणे ऐकून घेणारे एक तरी वडीलधारे माणूस या विहारात दर रविवारी बसावे. राजाला शहाणपण नारदांनी दिले, पण त्याला तिथपर्यंत नेले ते पियकाने. नारद होणे आपल्याला जमेलच असे नाही, पियक होणे मात्र प्रत्येकाला जमते.

शेवटची सूचना. गेलेल्या माणसाच्या नावाने काही तरी करा. मोठे दान पाहिजे असे नाही. आईच्या नावाने अभ्यासिकेत दोन पुस्तके द्या, बायकोच्या नावाने एका मुलीची परीक्षेची फी भरा. आणि जिवंत माणसाशी नाते तुटले असेल तर त्या नात्यात जे चांगले शिकलात ते दुसऱ्या कोणाला शिकवा. त्याच्याविषयी चारचौघांत वाईट बोलू नका. मुलांसमोर तर अजिबात नाही. नाते संपले म्हणजे त्यातले सगळे खोटे होते, असे नसते.

ज्यांच्या घरात आज असे दुःख आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावे. महिला मंडळाच्या भगिनी आणि आम्ही काही जण थांबणार आहोत. कोणी काही विचारणार नाही. तुम्हाला बोलावेसे वाटले तर बोला, नाहीतर नुसता चहा घेऊ.